गच्चीवरून नव्हे, टाकीवरून

तामलवाडीच्या पुढं आमच्या गावात मोठा रस्ता वळतो, आणि वळणापासून तीस मीटरवर शाळेचं फाटक आहे. म्हणजे ट्रकवाल्याला पोरं दिसतात ती तीस मीटर उरल्यावर. माझी भाची रोज तिथूनच रस्ता ओलांडते. गतिरोधक मागून गाव थकलं, तेव्हा मी पत्रक काढलं. मला दुसरं येतं काय?

या वेळी घोषणा कमी, गणित जास्त. ट्रक येतात ताशी बहात्तर किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला वीस मीटर. करकचून ब्रेक दाबला तर हा वेग दर सेकंदाला पाच मीटरनं घटतो आणि ट्रक थांबायला चाळीस मीटर लागतात. आहेत तीस. म्हणजे फाटकाशी वेग उरतो सेकंदाला दहा मीटर. पाच मीटर उंचीवरून सोडलेला दगड याच वेगानं जमिनीवर आदळतो. खाली ठळक अक्षरांत लिहिलं : "पोरांना शाळेच्या गच्चीवरून ढकलायला मंजुरी आहे का?"

पत्रक गतिरोधकाच्या अर्जाला टाचून बांधकाम खात्याच्या ऑफिसात दिलं. साहेबांनी ते चक्क वाचलं! वर पेनही उघडलं.

"ताई, गणित चुकलंय."

"कुठं?"

"पोरं दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात ट्रक वीस मीटर पुढं. चाळीस न्हाय, साठ लागतात."

"मग तर लईच वाईट की, साहेब!"

"ते वेगळं. त्रुटी ती त्रुटी."

आणि 'गणितात त्रुटी' असा शेरा मारून अर्ज परत. पोरांच्या जिवाची एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. आकड्यांची मात्र घेतली.

घरी येऊन पुन्हा मांडलं. एक सेकंद गेला, ब्रेकला उरले दहाच मीटर. आता धडक पंधरा मीटरवरून पडल्यासारखी. गावात तेवढं उंच काय? पाण्याची टाकी. पत्रकात गच्ची खोडून टाकी लिहिली. भाचीनं वाचलं.

"मावशी, चूक सुधारली तर आपण जास्तच जोरात पडलो की गं!"

"साहेबांची कृपा."

दुसऱ्या अर्जावर म्हणे अभ्यास चालू आहे. तोवर शाळा सुटताना मी फाटकापासून साठ मीटर मोजून, वळणाच्याही पलीकडं लाल ओढणी हलवत उभी असते. ट्रकवाले काच खाली करून शिव्या घालतात. खुशाल घालोत, नीट ऐकू जाईल अशी शिवी द्यायला वेग कमी करावा लागतो.