विमानातलं फुलपात्र

मला कुठलंही काम यादीशिवाय जमत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या नल्लकुंट्याच्या घरात दोन याद्या होत्या. एक सोलापूरला न्यायच्या सामानाची. रझाकारांमुळे शहरात राहणं धोक्याचं झालं होतं, गल्लीतली निम्मी मराठी घरं संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेली होती, आणि मामा आम्हाला न्यायला येऊन बसले होते. दुसरी यादी माझ्या धाकट्या भावाने जाताना नेलेल्या वस्तूंची.

महायुद्धात तो लष्करी विमानांवर मेकॅनिक होता. एके दिवशी त्याचं विमान निघालं ते पोचलंच नाही. ‘बेपत्ता’, एवढंच पत्र आलं. तेव्हापासून भावजय दाराकडे कान ठेवून जेवायची. सोलापूरचं निघालं तशी ती म्हणाली, “ते आले तर याच पत्त्यावर येतील. मी हलणार नाही.” सुनेला सोडून आईही निघेना.

तेवढ्यात कळलं, की गोदावरीकडच्या जंगलात लढाईत पडलेल्या विमानांचे तुकडे लाकूडतोड्यांनी आणून सुलतान बाजारामागच्या एका भंगारवाल्याला विकलेत. ते वितळवून त्यांची जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी होणार होती. भाऊ शेवटचा सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने आपल्या विमानाच्या इंजिनाचा नंबर वहीत लिहिला होता. ती वही घेऊन मी तीन दिवस त्या ढिगात बसले. पत्र्यांवरचे आकडे निराळे असतात, इंजिनाचा नंबर एका लहान पट्टीवर असतो, हे पहिल्याच दिवशी शिकले. भंगारवाला घाई करायचा. “जल्दी देखो अम्मा, भट्टी नंबर पढके नै जलती.”

तिसऱ्या दिवशी एक पट्टी सापडली. राखेने घासल्यावर चार आकडे दिसले, चारही वहीतले. पुढचा भाग जळून गेला होता. तिथला म्हातारा कारागीर म्हणाला, “एक खेप के सब इंजनां पे ये चार रहते, अम्मा.”

भावजयीने पट्टी उलटसुलट करून पाहिली. “अर्ध्या नंबरावर कुंकू पुसू का, वन्सं?”

मामा सकाळ-संध्याकाळ विचारत होते, “निघायचं की नाही?” गाड्या कधी बंद होतील याचा नेम नव्हता. मला दुसरं काही सुचेना.

भावाने नेलेल्या वस्तूंत एक पितळी फुलपात्र होतं, भावजयीच्या माहेरचं, तिच्या वडिलांचं नाव घातलेलं. मी बाजारातून तसंच जुनं फुलपात्र आणलं, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून तेच नाव घालून घेतलं, हातोडीने चेपलं आणि चुलीत धरून काळं केलं. मग तिच्यापुढे ठेवलं. मी म्हणाले, “ढिगात मिळालं.”

आईने हंबरडा फोडला. भावजय रडली नाही. तिने ते पदराने पुसलं आणि नावावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“वन्सं, ही अक्षरं बोटाला लागतात.”

मला कळलं नाही.

“लग्न झाल्यापासून रोज राखेने घासत होते मी ते. ह्यांनी नेलं तेव्हा बाबांच्या नावाची नुसती खूण उरली होती.” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुम्हाला कुठून कळणार? तुम्ही या घरात भांडी कधी घासलीत?”

खरं होतं. भांडी मोजायची मी, घासायची ती.

“अगं, मरू आपण इथे तिघी,” मी म्हटलं.

“म्हणून ह्यांना आधी मारलंत?”

दुसऱ्या दिवशी मामा एकटे गेले. बांधलेलं सामान मी यादी शेवटापासून वाचत परत फळीवर लावलं. पोलीस अॅक्शन होईपर्यंत आम्ही तिघी बायका आतून अडसर लावून राहिलो. बाहेर पडता आलं तेव्हा मी आधी सुलतान बाजार गाठला. ढीग केव्हाच वितळला होता. भाऊ आला नाही.

आता आई नाही. आम्ही दोघी तारनाक्याला राहतो. नल्लकुंट्याच्या घरमालकाकडे भावजयीने इथला पत्ता लिहून ठेवला आहे. ते फुलपात्र तिने टाकलं नाही, मला पाणी त्यातूनच देते. मी घासायला मागितलं तर देत नाही, स्वतः घासते.

परवा मी त्यावरच्या नावावरून बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही. समोर ती आरशात बघून कुंकू लावत होती.