बांधावरचा चतुर

वेचणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं कापसात वाकलेली असतात, तेव्हा मी कॅमेरा घेऊन बांधावर उभा असतो. याची लाज वाटते. तरी उभा राहतो.

"लोकं कापूस वेचून राह्यलेत अन् तुम्ही माशा धरा," बायको परवा म्हणाली. तिचं खरंच होतं.

आमच्या आणि थोरल्या भावाच्या रानामधल्या चारीत अजून पाणी आहे. त्यावर एक लाल चतुर, जाळीदार पंखांचा किडा, फेऱ्या मारतो. तो मला उडताना, स्पष्ट हवा होता. आपोआप फोकस करणारी लेन्स त्याला सोडून मागचा कापूस पकडते, म्हणून मी हातानेच फोकस करतो. तो जिथून माघारी वळतो तिथे चिखलात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, रोवायची, रिंग फिरवून तिच्यावर फोकस ठरवायचा, मग तुराटी उपटायची आणि रिंगला हात लावायचा नाही. तो आला की आपणच किंचित पुढे-मागे डुलायचं. दिवाळीपासून नुसते लाल फराटे जमले होते.

काल तो नेमका फोकसमध्ये आला. पंखांची जाळीसुद्धा उमटली. मी स्क्रीनकडे बघत एकटाच हसत होतो, तेवढ्यात भाऊ त्याच्या रानातून बांधावर आला.

"रोज बांधाचे फोटो कशाला रे? सरकारी मोजणी आणतो का?"

"न्हाई दादा, चतुराचा आहे. हे बघ."

त्याने चतुराकडे पाहिलंच नाही. मागच्या धुरकट हिरव्यात एक पांढरा ठिपका होता, त्यावर बोट ठेवलं.

"हा हद्दीचा दगड. चुना मीच लावला. पुसून टाक फोटो."

"ह्याच्यावरून कोण मोजील दादा?"

"मंग पुसायला तुझं काय जातं?"

मोजणीचा विचार माझ्या मनात कधी आलाच नाही असंही नाही, म्हणून त्याच्या नजरेला नजर देणं जड गेलं. पण त्यात चतुराचा काय संबंध?

"पुसणार न्हाई," मी म्हणालो.

तो त्याच्या रानात निघून गेला. संध्याकाळी त्याच्या घरून रोज येणारं दूध आलं नाही. बायकोने कोरा चहा पुढ्यात आदळला.

"काढा अजून फोटो."

मी तो पिऊन टाकला. वाईट वाटतंय. पण फोटो आहे तसा आहे, आणि उद्यासाठी तुराटी दाराशी काढून ठेवली आहे.