डोंगळ्यातली गुणगुण

मंडळी, आज आईनं मला आयुष्यात पहिल्यांदा डोंगळ्यात बोलावलं.

डोंगळा म्हणजे बियाण्यासाठी फुलावर आणलेला कांदा. लहानपणी सटाण्याच्या आमच्या शेतात तो फुलला, की आई बांधावरूनच ओरडायची, "आत जाऊ नको, माशा चावतील." मधमाशांची गुणगुण पार घरापर्यंत यायची.

आज कारखान्याला सुट्टी, म्हणून सातपूरहून गावी आलो. बघतो तर आई कांद्याच्या पांढऱ्या गोंड्यांवरून हलकेच तळहात फिरवत चाललेली. या फुलाचा पराग त्या फुलाला.

"माशाच नाय राहिल्या. बी भरायचं तर कोणीतरी फिरायला पाहिजे ना," म्हणाली.

मग गावातल्या शेतकरी बैठकीत ऐकलेलं तिनं सांगितलं. फुलोऱ्यात औषध मारू नये. मारायचंच झालं तर दिवस मावळताना, माशा घरी गेल्यावर.

इतकी वर्षं डोंगळ्याची फवारणी माझ्याकडेच होती; तेवढ्यापुरता मी न बोलावताच आत शिरायचो. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी, दुपारची एसटी गाठायची, म्हणून मी सकाळी दहालाच पंप पाठीवर घ्यायचो. ऐन माशांच्या वेळेला. पंपाच्या आवाजात गुणगुण कधी थांबली, कळलंच नाही.

"ये आत," आई म्हणाली, "आता कोणी चावत नाय."

दुपारपर्यंत दोघंही तळहात फिरवत राहिलो. शेत नको इतकं शांत होतं.

तुमच्याकडे अजून गुणगुण असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवाल का? आईला ऐकवायचं धाडस नाही. मलाच ऐकायचीय.