कॉपी होऊ दे

फिलिप सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन होता. "सर गेले हो. हार्ट अटॅक. सकाळपासून छातीत दुखत होतं म्हणे, पण हार्ड डिस्कवर काहीतरी कॉपी होत होतं, म्हणून थांबले घरीच." मी गाळणं तसंच सिंकमध्ये आपटलं. रडू नंतर आलं. आधी आला तो राग, आणि काही आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी खुशाल पान उलटावं.

भाईंदरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी कम्प्युटर. ते उत्तनचे, दारात समुद्र. मी मूळची रत्नागिरीची, आता शांती नगरात. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीत भांडतात. सरांनी कॅमेरा घेतला आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून लग्नातली गाणी गोळा करायला लागले. सरांच्या समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, तेव्हाची गाणी. आता डीजे लागतो, गाणी येणाऱ्या चार म्हाताऱ्या उरल्यात. हे सगळं ठेवायचं कुठे, म्हणून मी त्यांना हार्ड डिस्क घ्यायला आमच्याकडच्या दुकानात नेलं. खिशात मावेल एवढीशी काळी डबी बघून त्यांचा विश्वासच बसेना. "भैया, ये गिर गया तो?" दुकानदार म्हणाला, "अंकल, गिराना ही क्यों?" तेव्हापासून ती डबी त्यांनी तान्ह्या पोरासारखी सांभाळली. खारी हवा लागू नये म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यात बुटांच्या खोक्यांतल्या त्या पांढऱ्या पुड्या. नवे बूट घेणाऱ्या प्रत्येकाकडे ते पुडी मागायचे.

पहिल्याच वर्षी घात झाला. त्यांच्या सख्ख्या आत्याची गाणी कॅमेऱ्याच्या कार्डातून डिस्कवर टाकताना त्यांनी 'कॉपी' न करता 'कट' केलं, आणि बस चुकेल म्हणून मध्येच वायर उपटली. इकडून गेलं आणि तिकडे पोचलं नाही. आत्या तोवर वारल्या होत्या. सर माझ्यासमोर बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांना तेव्हाच बसवून शिकवलं, की कट करायचंच नाही, फक्त कॉपी. कॉपीत मूळ जागचं हलत नाही. मध्ये काही बिनसलं तर पुन्हा करायचं. त्यांनी मान डोलावली. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस. कॉपी सुरू झाली की खोलीच्या दारात खुर्ची आडवी टाकायचे, आत कोणी यायचं नाही, पंखासुद्धा बंद. त्यांच्या बायको, लुसीवहिनी, खुर्चीवरून चहाचा कप आत द्यायच्या. आणि मला फोन. "बाई, दिवा लुकलुकतोय, बरोबर हाय ना?" "बाई, गरम झालीय जराशी." अहो, दिवा आहे, लुकलुकणारच. किती वेळा वैतागले असेन मी.

त्या रविवारी मात्र फोन केला नाही. सकाळी छातीत कळ आली, घाम फुटला. वहिनी म्हणाल्या, रिक्षा बोलावते, भाईंदरला दवाखान्यात जाऊ. कम्प्युटर जुना, आदल्या दिवशी केलेलं शूटिंग ढीगभर, हिरवी पट्टी निम्म्यावर. "कॉपी होऊ दे, मग जाऊ." दुपारी पुन्हा तेच. वहिनी म्हणाल्या, बाईंना तरी विचारा, मध्येच काढली तर चालते का. तर म्हणाले, "नको, बाई दुपारच्या झोपतात. झोप मोडेल." माझी झोप! बारा वर्षं पट्टी-दिवा-गरम करून डोकं खाणाऱ्या माणसाला त्या दिवशीच शिष्टाचार आठवला. मी एका वाक्यात सांगितलं असतं, काढा ती वायर आणि चालू पडा. शिर सलामत तर पगड्या पचास. शेवटी वहिनींनीच बोलावलेली रिक्षा आली तेव्हा ते चपला घालायला वाकले, ते वाकलेलेच राहिले.

मग गावाने शोकसभा घेतली. एका पुढाऱ्याने भाषण ठोकलं, की सरांनी संस्कृतीसाठी प्राण वेचले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर याच गृहस्थाच्या आईची गाणी घ्यायला गेले होते, तेव्हा हा म्हणाला होता, "कसलं जुनंपुराणं घेऊन बसलात, सर." प्राण वेचले म्हणे. प्राण वाया गेले, आणि हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं. वहिनी पहिल्या रांगेत शांत बसल्या होत्या. त्या एकाच गोष्टीवर तग धरून आहेत, हे मला दिसत होतं: माणूस गेला, पण गाणी वाचली. निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुम्ही या एकदा. ती डिस्क मी कोणाला काढू दिली न्हाय."

गेल्या आठवड्यात मी उत्तनला गेले. दारात खुर्ची अजून आडवी. वहिनी पलीकडूनच म्हणाल्या, "चालूच हाय का बघा." मी खुर्ची ओलांडून आत गेले, माऊस हलवला. पट्टी कधीच संपून गेली होती. गाणी ओळीने पोचलेली, कॅमेऱ्याच्या कार्डातही जशीच्या तशी. झालंय, म्हटलं. मग ज्याची मला धास्ती होती तेच त्यांनी विचारलं. "बाई, खरं सांगा. तवा मध्येच काढली असती तर ही सगळी गेली असती ना?"

हो म्हणणं सोपं होतं... गावाने म्हटलंच होतं. पण बाई खोटं सांगणार नाहीत, या भरवशावर त्यांनी इतके दिवस ती वायर राखली होती. मी म्हटलं, "नाही, वहिनी. एकही गेलं नसतं. संध्याकाळी येऊन पुन्हा लावलं असतं, तरी चाललं असतं."

 वहिनींनी दारातली खुर्ची उचलून भिंतीला लावली, आत आल्या, आणि एका हिसक्यात वायर उपटली. "लावा परत."

मी लावली. दिवा लुकलुकला, गाणी आली. पहिलंच उघडलं. एक म्हातारी पदर सारखा करत होती, आणि कॅमेऱ्यामागून सर म्हणाले, "घाई न्हाय, मावशी. सावकाश."

वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. "गाढव," त्या म्हणाल्या. सभेतसुद्धा ज्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, त्या आता हुंदके देत होत्या. "अरे गाढवा."

हे सगळं त्यांना विचारूनच लिहिलंय. म्हणाल्या, लिवा, आणि गाढव पण लिवा.