आत्ता देऊ नका, फक्त पुसू नका

ॲड. सुमित्रा कामतेकर यांच्या नौपाड्यातल्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेलो तो नोकरी मागायला. ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली दवाखाना. मॅडमनी माझी गुणपत्रिका न वाचताच बाजूला ठेवली आणि विचारलं, "वर येताना खाली कंपाउंडरने कुणाचं नाव पुकारलं?" मला सांगता आलं नाही. नाव पुकारलं गेलं, एवढंही माझ्या लक्षात नव्हतं. "उद्यापासून या," त्या म्हणाल्या. नापास झालेल्याला प्रवेश कसा मिळाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मॅडमना निर्णयाची कारणं विचारण्याची त्या ऑफिसात पद्धत नव्हती.

आता मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या मोठ्या दाव्यांबद्दल या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका सवयीबद्दल लिहितो. अपघात, आग, अचानक आलेलं दुखणं, अशा प्रकरणातला पक्षकार समोर बसला की त्याची हकीकत पुरी होण्याआधीच मॅडम विचारत, "मदतीसाठी फोन केला होता का? कुठल्या नंबरवरून?" उत्तर मिळालं की आपत्कालीन सेवेच्या कार्यालयाला लगेच पत्र तयार होई: या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. ही रेकॉर्डिंगं कायम राहत नाहीत. ठरावीक मुदत संपली की जुनं आपोआप पुसलं जातं. दावा दाखल होऊन तारखा पडू लागेपर्यंत ऐकण्यासारखं काही उरत नाही.

कोपरच्या अरुणा कांबळे आल्या तेव्हाही तसं पत्र तयार झालं. अरुणाताई शाळेत क्लार्क. एका सकाळी त्यांच्या पतीच्या छातीत दुखू लागलं. त्यांनी फोन केला, ॲम्ब्युलन्स निघालीही. पण इमारतीपुढचा रस्ता खणलेला आणि सोसायटीचं मागचं गेट पार्किंगच्या भांडणापायी कुलूपबंद. चावी सापडेपर्यंत उशीर झाला आणि त्यांचे पती गेले. गेट उघडायला आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं सोसायटीचं म्हणणं. फोन कानाला असतानाच आपण दारात आलेल्या सेक्रेटरींना ओरडून सांगितलं, असं अरुणाताईंचं. साक्षीला एकही शेजारी पुढे आला नाही. सासरची माणसंसुद्धा म्हणू लागली, घाबरली असेल, राहिलं असेल सांगायचं. ते ऐकून ऐकून अरुणाताईंचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता.

"मॅडम, मी बोललेले ना हो तेव्हा? की मला आता तसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"ते आपण ऐकूनच ठरवू," मॅडम म्हणाल्या.

पत्र नेऊन देण्याचं आणि पोच आणण्याचं काम माझं. दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागत होती. आता सगळंच थंड असणार, असा हिशेब करून मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि गावी गेलो. चकल्या खाल्ल्या. परत येऊन ड्रॉवर उघडला, तेव्हा पत्र माझी वाट बघत जागच्या जागी होतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "सुट्टी कोर्टाला असते. त्या यंत्राला कोण देतं?" एवढं म्हणून त्यांनी फोन उचलला. आधी जाऊन बघू, रेकॉर्डिंग शाबूत असेल तर अरुणाताईंना सांगायची गरजच नाही, असं मी चाचरत सुचवलं.

"शाबूत असलं तरी सांगायचं. दावा त्यांचा आहे." आणि माझ्यादेखत त्या फोनवर म्हणाल्या, "अरुणाताई, तुमचं पत्र वेळेवर गेलेलं नाही. चूक माझी. आज मी स्वतः जाते."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला तेव्हा फार लाज वाटली. आजही वाटते.

आम्ही रिक्षाने त्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी पत्र वाचून मान हलवली. "मॅडम, असं डायरेक्ट रेकॉर्डिंग नाही देता येत आपल्याला. कोर्टाची ऑर्डर लागते."

"बरोबर आहे तुमचं. आत्ता देऊ नका. फक्त पुसू नका."

अशी मागणी त्यांच्याकडे आधी कुणी केली नसावी. ते उठून आत गेले. आम्ही बाकावर बसून राहिलो. माझा चेहरा बघून मॅडमनी पर्समधली लिमलेटची गोळी माझ्या हातावर ठेवली. अधिकारी बाहेर आले आणि पत्रावर शिक्का मारत म्हणाले, "आहे अजून. आणखी दोन दिवसांनी गेलं असतं."

पुढे कोर्टाने रेकॉर्डिंग मागवलं. ते खरं असल्याच्या प्रमाणपत्रासह आलं आणि त्याची प्रत आम्हाला मिळाली. असला आवाज पक्षकाराने पहिल्यांदा भर कोर्टात ऐकू नये, हा मॅडमचा दंडक. त्यांनी अरुणाताईंना शनिवारी दुपारी बोलावून घेतलं आणि मला सुरू करायला सांगितलं. अरुणाताईंचा आवाज आला. पत्ता सांगितला गेला. मग तोच आवाज जरा लांबून: "अहो, मागचं गेट उघडा, गाडी तिकडनं येतेय!" आणि पाठोपाठ एक पुरुष: "मीटिंगमध्ये ठरलंय ना वहिनी. चेअरमनना विचारायला लागेल."

मी बंद करायला हात पुढे केला. मॅडमनी तो धरून ठेवला.

"म्हणजे बोललेले मी," अरुणाताई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बोललेले." मग त्या रडल्या. मॅडम स्वतः उठून पाणी घेऊन आल्या. निकाल बऱ्याच काळाने लागला आणि अरुणाताईंच्या बाजूने लागला, पण मला ती शनिवारची दुपारच जास्त आठवते.

ही हकीकत अरुणाताईंच्या संमतीने लिहिली आहे. गौरव समारंभाला त्या येणार आहेत. त्यांना एक गोष्ट मात्र मॅडमनी कधी सांगितली नाही आणि मलाही सांगू दिली नाही. अरुणाताई, मॅडमनी ते पत्र वेळेवर लिहिलं होतं. ड्रॉवरमध्ये ते मी ठेवलं. चूक माझी होती.

संपादकांना विनंती, छपाई पुरी होईपर्यंत हा मजकूर मॅडमच्या हाती पडू देऊ नये. त्या पेन्सिल घेऊन बसतील. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि हे वाचून झाल्यावर त्या दिवशी राहून गेलेली कानउघाडणी करायला त्या मला ऑफिसात बोलावोत. या वेळी मी त्याच दिवशी हजर होईन.