बिनकडीचा भोंगा

भोंग्याला कुजबुजता येत नसे. प्रयत्न तो मनापासून करायचा. माझी मावशी वारली तेव्हा भेटायला आला, माझ्या शेजारी मांडी घालून बसला आणि तोंडावर आडवा हात धरून माझ्या कानात म्हणाला, "चहात साखर घालायला इसरायची ती हीच ना रं?" अंगणात बसलेल्या सगळ्यांनी माना वळवल्या. तीन दिवस गप्प बसलेले काका पहिल्यांदा हसले. "हीच," म्हणाले.

तो सोनईचा. साखर कारखान्याचा भोंगा हंगामापुरता वाजतो, हा बारमाही, म्हणून कॉलेजात त्याला हे नाव पडलं. त्यानेही ते पदवीसारखं स्वीकारलं. अशा आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न त्याच्या घरच्यांना होता. त्याचं उत्तर पुण्याच्या एका मित्राने आणलेल्या कॅसेटने दिलं. कॅसेटवर परदेशातली काही पोरं जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि मागे ड्रम असा पळत होता, जणू त्याच्या मागे कुत्रं लागलंय. या प्रकाराला हार्डकोअर पंक म्हणतात, असं मित्राने सांगितलं. भोंग्याने कॅसेट पूर्ण ऐकली आणि म्हणाला, "म्हंजी मला येतंय की हे."

असा आमचा 'बिनकडी' बँड निघाला. भोंगा गाणार, मी गिटार वाजवणार आणि सलीम ड्रम. सलीमच्या घरी नगरात लग्नाचा बँड होता. वरात पुढे सरकत नसली की ताशा कसा चढवायचा, हे तो लहानपणीच शिकला होता. आमच्याकडे बेस गिटार नव्हती. ती वाजवायला माणूसही नव्हता, त्यामुळे उणीव अशी कधी जाणवली नाही.

गाणी भोंगा लिहायचा, आणि त्याचा नियम कडक होता. त्याच आठवड्यात ज्या गोष्टीचा राग आला, त्यावरच गाणं. थांब्यावर न थांबलेली एसटी, ऐन परीक्षेतलं लोडशेडिंग, "पोरगा सध्या काय करतो?" असं विचारणारे पाहुणे. एकेक गाणं मिनिटभरात संपायचं. मी घड्याळ लावून बघायचो, ती माझी खोडच आहे. एकदा मी सुचवलं की निदान दोन कडवी तरी असावीत. भोंगा म्हणाला, "कारकुना, रागाला कडवी नसत्यात." मी पतसंस्थेत नोकरीला लागलो त्याच्या चार वर्षं आधीपासून तो मला कारकून म्हणत होता. दुसरं त्याचं वाक्य होतं, "चुकलं तर चालंल, हळू झालं तर न्हाई." पहिल्या अर्ध्या वाक्याचा फायदा मी भरपूर घेतला.

सरावाची जागा म्हणजे शनिशिंगणापुरात त्याच्या मामांच्या घरामागची खोली. तिथल्या रिवाजाप्रमाणे खोलीला चौकट होती, दार नव्हतं. म्हणूनच बँडचं नाव बिनकडी. ड्रमचा सेट आम्ही तिथेच उघड्यावर टाकून यायचो, त्याची एक काठीही कधी हलली नाही. पण जिथून सामान बाहेर जात नाही, तिथून आवाज मात्र सगळा बाहेर जातो आणि माणसं आत येतात. एकदा दूधवाला चौकटीत उभा राहून म्हणाला, "पोरांनो, भांडन कशावरून हाय ते तरी सांगा, मिटवू." दर्शनाला आलेल्या एका बाईंनी भोंग्याच्या तळहातावर खडीसाखर ठेवली आणि घसा जपायला सांगितलं. एक म्हातारबाबा दोन गाणी ऐकून म्हणाले, "चांगलं हाय. पर सुरू झालं म्हनूस्तोवर संपतंय." भोंगा आठवडाभर खूश होता.

मग पुण्याचं बोलावणं आलं. तिथल्या काही बँडवाल्या पोरांनी एक हॉल घेतला होता आणि आम्हालाही बोलावलं होतं. नगर जिल्ह्याबाहेरचा तो आमचा पहिला कार्यक्रम. कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना आम्ही सरावाला गेलो, तर मामींची तांबडी कोंबडी मोठ्या ड्रमच्या आत बसलेली. त्या ड्रमचा आवाज घुमू नये म्हणून पुढच्या कातड्याला भोक पाडून आत जुनी गोधडी कोंबायची पद्धत आहे. कोंबडीच्या दृष्टीने याहून चांगली जागा पंचक्रोशीत नव्हती. गोधडीवर अंडी होती आणि कोंबडी खुडूक होऊन ती उबवत बसली होती.

"तिला उठवू नका रं," मामी म्हणाल्या, "पोटाखाली जीव हायेत."

भोंग्याने शब्द दिला. मोठा ड्रम वाजवायचा नाही, गिटारची तार नुसती बोटाने छेडायची आणि तो स्वतः हळू म्हणणार. आम्ही सुरुवात केली. पहिल्या ओळीचा पहिला शब्द खरंच हळू होता. दुसऱ्या शब्दाला एसटी थांब्यावर न थांबता निघून गेल्याचं त्याला आठवलं. कोंबडी ड्रममधून गोळीसारखी सुटली, सलीमच्या डोक्यावरून उडाली आणि चौकटीतून बाहेर गेली. त्या दिवशी ती परतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अंडी गार पडली.

मामी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आपल्या घराला दार नसतं बाळा, ते कुनीबी यावं म्हनून, आलेल्याला हाकलाया न्हाई."

पुण्याला जाताना भोंगा गाडीत एक शब्द बोलला नाही. शेवटी सलीमने मला विचारलं, "आजारी हाय का काय हा?" हॉलवर पोचल्यावर त्याने नवं गाणं सांगितलं. नाव 'खुडूक'. शब्द एवढेच:

तू बसली हुतीस
म्या वरडलो
चुकलं, चुकलं, चुकलं
माघारी ये

आमच्या सगळ्या गाण्यांत रागाऐवजी माफीवरचं हे एकच, पण म्हटलं त्याच वेगाने. पुण्याच्या पोरांना खुडूक म्हणजे काय हे माहीत नसावं, तरी ती मुठी उंचावून "चुकलं, चुकलं" ओरडत होती. सलीम आजही सांगतो की दोनशे माणसं होती. मी मोजली होती. एकेचाळीस होती, त्यात दोघे हॉलचे वॉचमन.

बिनकडीचा इतिहास तिथेच संपतो. मला नोकरी लागली, सलीम वडिलांच्या बँडमध्ये गेला, भोंग्याने सोनईत ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं. पण भेटलो की त्याचं एक पालुपद ठरलेलं असायचं, "मामीनं ते गानं ऐकलंच न्हाई रं. त्या खोलीत, तिच्यापुढं एकदा म्हनायचंय." आम्ही दर वेळी हो म्हणायचो आणि दर वेळी कुणाचं तरी लग्न, कुणाचं तरी ऑडिट निघायचं. अशी वीस वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. मी फोन कानापासून हातभर लांब धरला. "मामा स्लॅबचं घर बांधतोय. सोमवारी खोली पाडायची हाय. रविवारी या, न्हाई तर ऱ्हायलंच!"

रविवारी आम्ही तिघे जमलो. माझ्या गिटारला मुलीने स्टिकर लावले होते. सलीमचं पोट काठ्यांच्या आड येत होतं. ड्रम जागेवरच होता, कातडं सैल पडलेलं. मामी थकल्या होत्या, पण कान शाबूत. चौकटीत खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "व्हा सुरू. आज काय उडायचं ते उडू द्या."

भोंगा घसा खाकरत ड्रमपाशी गेला, सवयीने भोकातून आत वाकून पाहिलं आणि तसाच राहिला. मग आमच्याकडे वळून त्याने ओठांवर बोट ठेवलं. "बसलीय," तो म्हणाला.

ते मला नीट ऐकू आलं नाही. भोंग्याचं बोलणं मला ऐकू न येण्याची ती पहिली वेळ.

सलीमने काठ्या खाली ठेवल्या. मी गिटार भिंतीला टेकवली. भोंगा मामींच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला, तोंडावर आडवा हात धरला आणि त्यांच्या कानाशी 'खुडूक' म्हणाला. ओठ हलताना दिसत होते तेवढेच. हळूहळू म्हटलं, त्यामुळे वेळ जास्त लागला. ड्रममधून एकदा पिसं फुलवल्याचा आवाज आला आणि थांबला.

मामींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "असं येतंय व्हय तुला?" म्हणाल्या. "मग तवाच का न्हाई म्हनलास, मेल्या?"

मग त्यांनी मामांना हाक मारली आणि गवंड्याला पिल्लं निघाल्यावरच यायला सांगा, असं बजावलं.