काळी बकरी, लाल एस.टी. आणि माझा निकाह

माझ्या दुसऱ्या लग्नाची स्वप्नं माझ्याखेरीज सगळ्यांना पडली. माझ्या वाट्याला आली ती फक्त आखडलेली मान.

मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात आयुष्यभर मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून दोह्याला. घरात उरलो मी आणि माझी नणंद. तीही विधवा, मूलबाळ नाही. घराच्या मागच्या अंगाला तिची खोली, पण चूल एकच. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी ती बायकांच्या इज्तेमाला, धार्मिक बैठकीला जाते. चावी तिच्या पर्समध्येच असते, तरी परत आल्यावर दार वाजवते आणि मी उठून उघडेपर्यंत पायरीवर उभी राहते.

"चावी काय लोणचं घालायला ठेवलीस?" मी दर वेळी ओरडायची.

"चावीनं उघडलां की घर मुकां वाटतां," ती म्हणायची आणि बुरखा खुंटीला लावायची.

असं आमचं चाललं होतं. त्यात एक दिवस माझी मैत्रीण आली. ही माझी शाळेतली जुनी सहकारी, भाट्याला राहते, घरी गणपती आणि बोलण्यात फटाके. तिचा नवरा एस.टी.तून निवृत्त झालेला. त्याच्याच बरोबरीने डेपोत कंट्रोलर असलेल्या एका गृहस्थाचं स्थळ तिने माझ्यासाठी आणलं होतं. मूळचा नाटे गावचा, आता निवृत्त होऊन तिथेच राहणारा, बायको वारलेली, मुली आपापल्या घरी.

"या वयात?" मी म्हटलं. म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

"या वयात नाही तर काय पुढच्या जन्मी? तुमच्यात तर तोही नाही!"

तिच्याच घरी, तिच्या नवऱ्यासमोर आम्ही भेटलो. गृहस्थ ताठ बसलेला. शर्टाला अशी इस्त्री, की बसल्यावर मोडेल म्हणून तो खुर्चीच्या कडेला टेकला होता. बाहेर रस्त्यावरून बस गेली. त्याने न बघता गाडी कुठली ते सांगितलं, "पावस. उशिरा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही फार रागावता असं ऐकलं."

"कोण म्हणालं?"

"आमचे निम्मे कंडक्टर तुमच्या हाताखालून गेलेत. अजून रजेच्या अर्जात वेलांटी चुकली तर कान चाचपतात."

मला हसू आलं. मोठ्याने आलं. खरं सांगायचं तर माणूस मला तिथेच आवडला. घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते आणि रिक्षावाला आरशातून बघत होता.

पण आमच्यात एवढी मोठी गोष्ट अशी रिक्षात ठरत नाही. लग्न असो, घर असो, परदेशची नोकरी असो, आधी इस्तिखारा करायचा. म्हणजे दोन रकात नमाज पढायची आणि अल्लाहला विचारायचं, हे माझ्या भल्याचं आहे का? दुआ साधी आहे. अडचण दुआत नाही, आमच्या मोहल्ल्यात आहे. मोहल्ल्याच्या हिशेबाने त्यानंतर न बोलता, उजव्या कुशीवर, नमाजच्या दिशेला, किब्ल्याकडे तोंड करून झोपायचं आणि उत्तर स्वप्नात येणार. सफेद किंवा हिरवं दिसलं तर होकार. काळं किंवा लाल दिसलं तर नकार. रेल्वेच्या सिग्नलसारखा कारभार. हे कुणी ठरवलं ते विचारायचं नाही.

न बोलता झोपणं हेच माझ्यासारखीला अवघड. त्यात माझा उजवा खांदा धरलेला. तरी मी नेमाने केलं. उजव्या कुशीवर कण्हत पडले. सकाळी उठले तेव्हा मान एका बाजूला वळली ती वळलीच. स्वप्न म्हणाल तर काही नाही. एकदा शाळेची घंटा ऐकू आली, पण तो शेजारच्यांचा मोबाइल निघाला.

"तुझां दिल साफ नाय," नणंद चहा गाळत म्हणाली. "म्हणून दिसत नाय."

मग काय, माझ्या वतीने साफ दिलाचे लोक कामाला लागले. दोह्याहून मुलाने व्हिडिओ कॉल लावला. आधी सून पडद्यावर आली, चेहरा खुललेला. "अम्मी, मला इतकं हिरवं दिसलं, इतकं हिरवं! झाडं, हिरवळ, मधे कारंजं. अगदी साफ होकार आहे." सून गुणाची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण माझं लग्न झालं नाही तर मी पुढच्या वर्षी कायमची दोह्याला येणार असं मुलगा बोलून बसला होता, हेही लक्षात घ्या.

मग मुलगा आला. चेहरा पडलेला. "अम्मी, मला लाल दिसलं."

"काय लाल?"

"एस.टी."

मी मोबाइल तोंडाजवळ धरून ओरडले. "अरे, ज्याचं स्थळ आलंय तो एस.टी.चाच माणूस आहे!"

"म्हणून तर गोंधळ आहे ना! रंगावर जायचं की गाडीवर?"

यावर बराच खल झाला. सुनेचं म्हणणं, गाडी म्हणजे खूणच, अल्लाहने पत्त्यासकट सांगितलंय. नणंद म्हणाली, लाल तो लाल, मग तो बसचा असो की मिरचीचा. मुलाने विचारलं, "पण गाडी थांब्यावर थांबली, आणि माझ्यासाठी दार उघडलं, त्याचं काय?" माझ्या जयगडच्या भावाला फोन लावला तर तो म्हणाला, "मी काय सपनांबिपनां बघत नाय. माणूस नमाजी हाय, व्यसन नाय, माझी ना नाय. जेवणात काय ठेवलां हाय ते सांग." आमच्या खानदानात अक्कल त्याच्याकडेच जास्त गेली, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

राहिली नणंद. तिने दोन-तीन दिवस लावले. एका सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "भाबी, मला दिसलां."

"काय?"

"बकरी. आपल्या दारात उभी. काळी कुळकुळीत. आणि तुझी ओढणी खात होती."

काळी. वर ओढणी म्हणजे इज्जत, तीही माझी, आणि तीही चघळलेली. यापेक्षा स्वच्छ नकार मोहल्ल्याच्या पुस्तकात नाही. मी वाद घातला नाही. भाकरी खाल्ली. पण दुसरी घेतली नाही. तेव्हा मला कळलं की मला हे लग्न करायचंच होतं. कुणीतरी "पावस, उशिरा आहे" म्हणावं आणि मी "तुम्हाला काय करायचंय" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं मागायला मला लाज वाटत होती. आणि आता एका बकरीने ते खाऊन टाकलं होतं.

मैत्रिणीला सांगितलं तर ती उसळली. "बकरीला कोण विचारतंय? आमच्या गावच्या देवीने उजवा कौल दिलाय!"

"तू माझ्यासाठी कौल लावलास? अगं, आमच्यात नाही चालत ते!"

"तुझ्यासाठी कुठे लावला? माझ्यासाठी लावला. स्थळ मी आणलंय. उद्या बिनसलं तर जन्मभर बोलणी कोण खाणार?"

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. शेवटी मी मौलानांकडे गेले. मौलाना म्हणजे माझाच विद्यार्थी. मला बघून तो इतक्या घाईने उठला की टोपी वाकडी झाली. बायकोला सरबत करायला सांगून तो माझ्यासमोर हात बांधून उभा राहिला.

"बस रे, शिक्षा नाही करत," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. सुनेचं कारंजं, मुलाची एस.टी., नणंदेची बकरी.

त्याने खाली बघून ओठ दाबले. एस.टी.पाशी तर त्याला खोकला आला. मग म्हणाला, "बाई, स्वप्न पडायलाच हवं असं कुठेच नाही. रंगांचंही नाही. माणसाची चौकशी करायची, आपल्या माणसांशी मशवरा करायचा, दोन रकात पढून अल्लाहवर सोपवायचं आणि पाऊल टाकायचं. भल्याचं असेल तर तो वाट सोपी करेल. नसेल तर ते तुमच्यापासून फिरवेल आणि तुम्हाला त्यापासून. दुआत हेच तर मागतो आपण."

"मग इतके दिवस मी मान का आखडून घेतली?"

"रात्रीच पढायची असंही नाही. दुपारी जोहरच्या नमाजनंतर पढा. आणि बाई, ज्याचं काम त्यानेच विचारलेलं बरं. बाकीच्यांनी दुआ करावी."

शाळेत या पोराच्या निबंधाचा शेवट कधी धड नसायचा. आज बरा केला. मी तसं सांगितलं तर तो वर्गात लाजायचा तसाच लाजला.

दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मी पढले. भर उजेडात, खिडकीतून शेजारच्यांची मिक्सरची घरघर ऐकत. काही दिसलं नाही. दिसायचं नव्हतंच. दुआच्या शेवटी आपण म्हणतो की जे भलं असेल ते दे आणि मला त्यावर राजी कर. त्या शब्दापाशी मी थांबले. राजी तर मी रिक्षातच झाले होते. मग ठरवलं, फोन करून हो सांगायचं. पण आधी नणंदेला सांगायचं, कारण ती माझ्या घरचं माणूस.

ती स्वयंपाकघरात विळीवर बांगडे साफ करत बसली होती. माझं तोंड उघडायच्या आत, वर न बघता म्हणाली, "भाबी, ती बकरी काळी नव्हती."

"म्हणजे?"

"सफेद होती. दुधासारखी. मी काळी सांगितली."

मला असा राग आला! वर्गात असती तर बाकावर उभी केली असती. "आणि ओढणी? तीही तूच खाऊ घातलीस?"

"नाय. ओढणी ती खातच होती." तिने बांगड्याचं डोकं बाजूला सारलं. "पण तुझी नाय. माझी होती."

मी दाराची चौकट सोडून आत आले.

"तू नाट्याला गेलीस की जुमेरातीला दार कोण उघडील माझां?" ती म्हणाली. हात माशांचे, म्हणून डोळे तिने दंडाला पुसले.

मला रडू आलं आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदम झालं. मी तिच्या शेजारी पाट ओढला आणि उरलेले बांगडे धुवायला घेतले. मसाला लावून झाल्यावर हात धुतले आणि नाट्याला फोन केला. नणंदेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझा होकार आहे. पण मी नाट्याला येणार नाही. माझी नणंद इथे आहे. तुम्ही इकडे या. जमत नसेल तर आत्ताच सांगा."

नाट्याला रेंज धड नसते, त्यामुळे माणूस गप्प आहे की फोन ते कळेना. मग आवाज आला, "म्हणजे गाडी रत्नागिरी मुक्कामी."

"कायमची."

"चालेल. निवृत्त झाल्यावर नाट्याला परतलो ते बायकोसाठी. आता इथे वेळापत्रक विचारायलासुद्धा कुणी येत नाही."

निकाह असरच्या नमाजनंतर, दुपार कलल्यावर मशिदीत झाला, आम्ही बायका घरी. जुमेरात होती, पण नणंद इज्तेमाला गेली नाही. भाऊ जयगडहून आला, बिर्याणी दोनदा घेतली आणि कमी तिखट म्हणाला. दोह्याची मंडळी मोबाइलमधून बघत होती. सुनेने हिरवी ओढणी घेतली होती, मुद्दाम. मैत्रिणीने "पहिल्यापासून माझा उजवा कौल होता" असं सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळ झाली, बायका पांगल्या आणि आम्ही दोघी नवरदेवाची वाट बघत बैठकीत बसून राहिलो.

दारावर टकटक झाली. वेळेवर, हे सांगायला नकोच. मी उठायला गेले तर नणंदेने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तू नवरी हायस. बस," ती म्हणाली. "मी उघडतंय."

आणि डोक्यावरची ओढणी सारखी करत ती दाराकडे गेली.